आप्पांचा भुसा

फुकट काम करायला येणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. पगार नको, प्रवासखर्च नको, चहासुद्धा घरून पिऊन येतो असं म्हणणारा माणूस काहीतरी घ्यायलाच आलेला असतो, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. आप्पांनी पहिल्याच दिवशी हे सगळं एका दमात सांगितलं, तेही डोक्यावर हेल्मेट ठेवून. मी खिडकीतून खाली वाकून पाहिलं, तर गाडी कुठेच दिसेना. गृहस्थ एसटी स्टँडपासून हेल्मेट घालून चालत आले होते.

मी लगेच आमच्या संस्थेच्या मॅडमना धुळ्याला फोन लावला. म्हटलं, "मॅडम, हा पोलिसांचा माणूस असणार, नाहीतर कुणाचा तरी बाप." मॅडम म्हणाल्या, "टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत ते. कॉम्प्युटर सांभाळतील. तुला येतात का सांभाळता?" मला येत नव्हते. विषय तिथेच मिटला.

आमचं केंद्र म्हणजे नंदुरबारच्या एका गल्लीत मिरचीच्या गोदामावरच्या दोन खोल्या. बाहेर पाटी 'आरोग्य सल्ला केंद्र' एवढीच. आत येणारे कोण, तर ज्या पुरुषांचा जीव पुरुषावर जडतो ते, ज्या बायकांचा बाईवर जडतो त्या, आणि ज्यांना जन्मापासून चुकीच्या कपड्यात गुंडाळलं होतं ते. शहरात एलजीबीटी म्हणतात ते सगळे आम्हीच. तळोद्याहून, नवापूरहून, वर सातपुड्यातल्या पाड्यांवरून लोक यायचे. कुणी औषधासाठी, कुणी सल्ल्यासाठी, आणि बरेच जण नुसतं एक दुपार कुणाला न घाबरता बसायला. मी तिथे कार्यकर्ता होतो. म्हणजे झाडण्यापासून समुपदेशनापर्यंत सगळं.

खाली मिरची असल्यामुळे जिना चढणारा प्रत्येक जण शिंकायचा. आप्पांनी त्या शिंकेचीही परीक्षा करून टाकली. नवा माणूस न शिंकता वर आला की आप्पा खुर्चीत ताठ व्हायचे. "हाऊ नवा शे ना? मंग शिंकना कसा नही?" माझ्या कानाशी लागून अहिराणीत विचारायचे. "जिनामा उभा राही राही त्यानं नाक मरी गयं. आपलं बोलनं ऐकी ऱ्हायना व्हता." एकदा विजेचं बिल टाकायला आलेल्या बिचाऱ्याला त्यांनी अर्धा तास धरून ठेवलं. तो शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, माले सर्दी शे." आप्पांचा त्यावरही विश्वास बसला नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीत खरं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. नावं तेच द्यायचे, आणि तीही गावांची. त्यातही माणूस ज्या बाजूचा असेल त्याच्या बरोबर उलट्या बाजूचं गाव. मी शहाद्याचा, म्हणून माझं नाव खांडबारा. धडगावच्या पोराला प्रकाशा, नवापूरच्या बाईला तोरणमाळ. "ए तोरणमाळ, तुन्हा टाईम व्हयना, ऊठ आते," अशी हाक ऐकून बाहेर बसलेल्यांना हसू फुटायचं. आप्पा मात्र कधी हसले नाहीत. त्यांचं स्वतःचं खरं नाव तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि गावही नाही. तापीकाठचे असावेत एवढं बोलण्यावरून कळायचं.

आता कॉम्प्युटरविषयी सांगतो. ते पुण्याच्या एका कंपनीने दान दिले होते, आणि दानाला एक अट होती. आत फिल्टर बसवायचा. म्हणजे वाईट पानं उघडायची नाहीत. बसवायचं काम मॅडमनी आमच्याच गल्लीतल्या कॉम्प्युटर दुकानदाराला दिलं. त्या फिल्टरने जे काही केलं ते सांगायला गेलो तर माझ्या डोक्यात आजही तिडीक उठते. 'समलिंगी' टाकलं की पडद्यावर मोठा लाल पंजा यायचा आणि खाली ओळ, 'हे पान तुमच्यासाठी योग्य नाही.' 'तृतीयपंथी' टाकलं की पंजा. 'कंडोम' टाकलं की पंजा, आणि आमच्या कपाटात त्याचे खोकेच्या खोके पडलेले! सरकारचं स्वतःचं पान, जिथे तृतीयपंथीयांना ओळखपत्र मिळतं, तेही पंजाआड. अरे, ज्या शब्दांसाठी केंद्र उघडलं तेच शब्द केंद्रात बंद! साडीतला आमचा एक जुना माणूस तो पंजा बघून म्हणाला, "आमचे मास्तर असाच हात उगारायचे." मी मॅडमकडे भांडलो. मॅडम म्हणाल्या, "कंपनीला कळवलंय." कळवलंय, कळवलंय करत किती ऋतू गेले देव जाणे.

आप्पांना मात्र बंद पानांचं काही वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "ते थांबाडाना करता नही शे, खांडबारा. देखाना करता शे. कोन काय शोधस, ते सगळं तिकडे पुन्याले जास." आणि म्हणून त्यांनी भुसा काढला.

भुसा म्हणजे काय, तर दाण्यात मिसळायचा भुसा. प्रत्येकाने आपल्या मनातलं एक काही शोधायचं असेल, तर त्याच्या आधी आणि नंतर भरमसाट फालतू गोष्टी शोधायच्या. सारंगखेड्याच्या बाजारात पंचकल्याणी घोडा कितीला जातो. कापसावर बोंडअळी पडली तर काय फवारावं. तोरणमाळचा घाट पावसाळ्यात चालू असतो का. घोड्याचे दात कसे मोजावेत. लोक दमून गेल्यावर उरलेला भुसा आप्पा स्वतः टाकायचे. दुपारभर चष्मा नाकावर ओढून, दोन बोटांनी टकटक टकटक. कॅमेऱ्यावर त्यांनी जखमेची पट्टी चिकटवली होती, आणि ती पातळ झाली असा संशय आला की नवी लावायचे.

पुढे पुण्याहून कंपनीचे एक साहेब पाहणीला आले. हातात अहवाल, चेहरा समाधानी. मला म्हणाले, "इथल्या समाजाला घोड्यांची फार आवड दिसते." मी हसू दाबायला जीभ चावली. आप्पा म्हणाले, "हो साहेब, पिढीजात." साहेब गेल्यावर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "देखं? ते देखतस." तेव्हा मात्र मला मानावं लागलं. म्हातारा वेडा होता, पण खोटा नव्हता.

तरी माझा संशय काही गेला नाही. जाणार कसा? हा माणूस सगळ्यांची सगळी शोधाशोध बघत होता. आमच्यातला कोण कुणासाठी झुरतोय, कुणाला कोणता आजार झालाय, कोण घर सोडायच्या विचारात आहे, सगळं याच्या डोळ्यांखालून जायचं. आणि स्वतःबद्दल अवाक्षर नाही. दुपारी आम्ही गोल करून बसायचो, हसायचो, रडायचो, एकमेकांच्या आयुष्याच्या चिंध्या करायचो. आप्पा त्या गोलात कधी आले नाहीत. दारात उभं राहून ऐकायचे आणि कुणी वळून पाहिलं की निघून जायचे. शिवाय मी त्यांना दोनदा त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात बसून चहा पिताना पाहिलं. घरून पिऊन येणारा माणूस!

एक दिवस मी सरळ तोंडावर विचारलं. "आप्पा, तुम्ही आमच्यातले आहात का?"

"तुमच्यातले म्हंजे कोनामातले? खांडबाराना?"

"उगीच फाटे फोडू नका. तुम्ही इथे का येता ते सांगा."

आप्पांनी कॅमेऱ्यावरच्या पट्टीचं टोक नखाने दाबलं. मग म्हणाले, "तू मन्हावर भरोसा ठेवत नही ना? शाबास. ठेवू बी नको." आणि वर खूश झाल्यासारखे दिसले. मी हात टेकले. आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, म्हाताऱ्यासमोर जपून बोला.

मग चिंचपाडा आली. हे अर्थातच आप्पांनी दिलेलं नाव. पोरगी तापीकाठच्या चांगल्या बागायतदार घरची. घरी सांगून यायची की स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत. तिचं मन जडलं होतं डोंगरातल्या एका मुलीवर, सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. दोघींना नाशिकला जायचं होतं. नर्सची तिकडे नोकरीची सोय झाली होती, फक्त राहायचं कुठे ते ठरत नव्हतं. इकडे चिंचपाडाला पाहुणे बघायला येऊन गेले होते आणि घरच्यांनी होकार कळवून टाकला होता. तिला कुणी विचारलंही नव्हतं. "मन्हा भाऊनी माले मारी टाकं तरी चाली, पन तिले हात लावाले नको," असं ती मला म्हणाली. भाऊ कसा आहे हे तिच्या दंडावरच्या वळांवरून मला कळलं होतं.

आप्पा तिच्याशी विचित्र वागायचे. ती आली की पाठ फिरवून बसायचे. बोलायचे ते भिंतीकडे तोंड करून, आणि ती गेल्यावर खिडकीच्या फटीतून ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत बघत राहायचे. तीही त्यांच्यासमोर डोक्यावरची ओढणी पुढे ओढायची. मला वाटलं, झालं, म्हातारा हिच्या घरच्यांचा हेर. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "ओळखतेस का तू यांना?" ती म्हणाली, "नही." इतक्या पटकन म्हणाली की मला ते खोटं वाटलं.

एका गुरुवारी ती घाईत होती. भुसाबिसा काही न टाकता तिने सरळ मनातलं टाकलं, आणि पडद्यावर लाल पंजा आला. तिने घाबरून मशीनच बंद केलं. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पंजा आम्हा सगळ्यांनाच रोज दिसायचा.

पुढच्या आठवड्यात दुपारची वेळ. चिंचपाडा नुकतीच आली होती आणि माझ्याशी आतल्या खोलीत बोलत बसली होती. जिन्यावर पावलं वाजली. शिंका आल्या, एक नाही, चांगल्या तीन-चार जणांच्या. तिने भावाची शिंक ओळखली. तोंडावर हात दाबून ती कोपऱ्यात खाली बसली. मी बाहेर आलो आणि आतल्या खोलीचं दार ओढून त्याला पाठ लावून उभा राहिलो.

पुढे तिचा भाऊ, मागे गल्लीतला तो कॉम्प्युटरवाला, आणि त्यांच्या मागे आणखी दोघे. भाऊ आत शिरला तो गरजतच. पण खुर्चीत आप्पांना बघितलं आणि त्याचा आवाज विरला. पुढे झाला आणि चक्क वाकून आप्पांच्या पाया पडला.

"आप्पा? तुम्ही आठे? तुम्ही ते दातना डॉक्टरकडे येतस ना?"

तेव्हा मला उलगडा झाला. आप्पा त्याच गावचे होते. गावात मानाचे, चार लोक ज्यांना विचारून लग्नं ठरवतात असे. नंदुरबारला जातो ते दात दाखवायला, असं त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं. तोंडातला एक दात हललेला नव्हता. चिंचपाडा आणि ते एकमेकांना पहिल्या दिवसापासून ओळखत होते, आणि दोघंही एकमेकांना घाबरून होते.

"बोल, काय काम शे?" आप्पा म्हणाले.

कॉम्प्युटरवाला पुढे आला. मोबाईल काढून म्हणाला, "आप्पा, या मशीनवर कोनी वाईट शबद टाका का, मन्हा मोबाईलवर मेसेज येस." आणि मग तो कौतुकाने सांगायला लागला. हे फिल्टर घरातल्या लहान मुलांसाठी बनवलेलं होतं. बसवताना ते पालकाचा नंबर मागायचं, दिल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही. मग याने काय केलं, स्वतःचाच टाकला. आम्हाला विचारलं असतं तरी आम्ही कुणाचा सांगणार होतो? आमच्यात कुणाला पालक होते? ज्यांना होते, ते त्यांच्यापासून लपूनच तर हा जिना चढायचे.

इतके दिवस आमचे सगळे पंजे याच्या खिशात वाजत होते. आप्पांनी पुण्यावर संशय घेतला, वीजबिलवाल्यावर घेतला. ज्याच्याकडे जाऊन दोनदा चहा प्यायले, त्याच्यावर घ्यायचा राहिला. त्यांचा चेहरा मी बघत होतो. तो एकदम उतरला.

"वाच," भाऊ म्हणाला.

कॉम्प्युटरवाल्याने खाकरून वाचलं. "गुरुवार दुपार. समलिंगी जोडी, नाशिकला भाड्याने खोली, घरच्यांना न सांगता."

"गुरुवारी मन्ही बहीन आठे ऊनी व्हती. यानी जिनावर देखी तिले," भाऊ म्हणाला. "आप्पा, तुम्ही सांगा. या मशीनवर कोन बठेल व्हतं?"

माझ्या पाठीमागच्या दाराला आतून काहीतरी लागलं. पोरगी उठून दाराला टेकली असावी. मला वाटलं, आता संपलं. म्हातारा नाव सांगणार. गावचा माणूस, मानाचा माणूस, तो कशाला आमच्यासाठी खोटं बोलेल?

"मी व्हतू," आप्पा म्हणाले.

"तुम्ही?"

"हां. मीच टाकं ते."

"कोनासाठे?"

"मन्हासाठे."

कॉम्प्युटरवाला फिस्सकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. भाऊ म्हणाला, "मस्करी करू नका, आप्पा. तुम्हले नातवंडे शेत."

"शेत ना. तरी मी शे तसाच शे. मिसरूड फुटनं नव्हतं तैपासून. तुन्ही काकू गयी, तिले बी सांगता ऊनं नही." आप्पा खुर्चीतून उठले नाहीत की आवाज चढवला नाही. "तुन्ही बहीन फॉर्म भराले येस. तिनी माले आठे देखं. गावना मोठा मानूस असा निघना, ते पोरगी कोन्हा तोंडवरी सांगी? चूप बठनी बिचारी. तू तिच्यावर हात उचलस, आते मन्हावर उचल."

भावाने माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं. मी जागचा हललो नाही.

"ते दार उघडानं व्हई ते उघड," आप्पा म्हणाले. "आत मन्हासारखाच लोके शेत. त्यास्ना तोंड देखी ले, आन मंग गावमा जाईसन सगळं सांग. मन्हं नाव लिसनी सांग."

भाऊ एक पाऊल मागे सरला. मघाशी आप्पांच्या पायाला लागलेला हात त्याने पँटला पुसला, ते मी पाहिलं. आप्पांनीही पाहिलं. "तुम्ही मन्हा बापना दोस्त, आप्पा," एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. बाकीचे त्याच्या मागे. कॉम्प्युटरवाला जाता जाता मोबाईल खिशात टाकायला लागला, तेव्हा मी त्याची कॉलर धरली आणि माझ्यासमोर तो नंबर काढायला लावला. चार शिव्याही हासडल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

चिंचपाडा बाहेर आली ती सरळ आप्पांच्या पायाशी जाऊन बसली. आप्पा तिच्यावर खेकसले, "भुसा का नही टाका तू? कितला सांगेल व्हतं!" मग आवाज उतरवून म्हणाले, "आते घर जाऊ नको. आठूनच निंघ." मी नर्सला फोन लावला. नाशिकच्या एका ओळखीच्या बाईंकडे चार दिवसांची सोय केली. संध्याकाळच्या गाडीने दोघी गेल्या, आणि आजही तिथेच आहेत, एकत्र. पण हे सगळं त्यानंतरचं.

त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की मी आप्पांचे दोन्ही खांदे धरून हलवले. "काय नाटक केलंत आप्पा! मानलं तुम्हाला. मीसुद्धा फसलो असतो."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. कधी नव्हे ते सरळ डोळ्यात.

"नाटक?" ते म्हणाले. "त्यामा खोटं एकच व्हतं. टाईप तिनी करं. बाकीनं सगळं मन्हंच शे."

माझे हात त्यांच्या खांद्यांवर तसेच राहिले. एवढ्यात त्यांचा फोन वाजायला लागला. मोठ्या मुलाचा होता. बातमी आमच्या जिन्यावरून गावात पोचायला तेवढा वेळ पुरला.

"उचलू नका," मी म्हणालो. "पोरी नाशिकला पोचू द्या. मग सांगा, तिला वाचवायला खोटं बोललो होतो म्हणून. गाव विश्वास ठेवेल, आप्पा. सगळे तुम्हाला मानतात."

फोन वाजून थांबला. परत वाजायला लागला. आप्पांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला आणि फोन उचलला.

"हां, बोल बेटा," ते म्हणाले. "हां... हां. नही, कोनी माले शिकाडं नही. खरं शे ते." पलीकडून काहीच आवाज येत नव्हता.

"तू जेवना का?" त्यांनी विचारलं. आणि तिकडून मुलगा काहीतरी बोलेल म्हणून फोन कानाला घट्ट लावून बसून राहिले.